रोध, विभव आणि शकणे

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि विभवांतराला धारेने गुणले की शक्ती. साध्या परिपथाचे गणित जवळजवळ एवढेच. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि हे चारही शब्द पुस्तकातच राहतात. याची मला खंत वाटते, कारण हे शब्द फार चांगले घराणे घेऊन आलेले आहेत.

त्यांतला रोध मला सर्वांत आवडतो. ‘रुध्’ म्हणजे अडवणे, कोंडून धरणे. विरोध, अवरोध, निरोध, अनुरोध ही त्याची सख्खी भावंडे. गहिवराने कंठ रुद्ध होतो तोही याच धातूचा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या इंद्रसूक्तात वृत्राने कोंडलेल्या पाण्याला ‘निरुद्ध’ म्हटले आहे. म्हणजे वाहत्या पाण्याशी या धातूचे नाते निदान तीन हजार वर्षांचे. आणि धारा म्हणजे तर पाणीच. संततधार, धारोष्ण दूध, गाईची धार काढणे, सगळीकडे सलग वाहणे आहे. विजेच्या वाहण्याला धारा म्हटल्यावर तिला जे अडवते त्याला रोध म्हणणे किती सहज आले!

इंग्रजीतला रेझिस्टन्स लॅटिनमधल्या ‘उभे राहणे’ या क्रियेवरून आला आणि जर्मनमधला ‘विडरश्टांड’ तर शब्दशः समोर उभे ठाकणे. तिथे तार एखाद्या योद्ध्यासारखी आडवी येते. हिंदीने ‘प्रतिरोध’ घेतला, त्यातही ‘प्रति’मुळे थोडा सामना आलाच. मराठीने उपसर्ग गाळून नुसता रोध ठेवला, हे मला फार नेमके वाटते. तारेचे कोणाशी वैर नसते. ती लांब असली की धारा जास्त अडते, जाड असली की कमी.

हेच गेओर्ग ओहमने मोजून दाखवले. कुलपे करणाऱ्याचा हा मुलगा कोलोनमधल्या शाळेत शिकवत असे. त्या काळच्या विद्युतघटांचा जोर मोजता मोजता उतरायचा, त्यामुळे आकडे जुळत नसत. मग त्याने तांबे आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. दोन्ही टोकांचे तापमान स्थिर, म्हणून जोरही स्थिर. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने धारा मोजली आणि १८२७ मध्ये पुस्तक काढले. मायदेशात आधी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले आणि १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत परिषदेत त्याचे नाव रोधाच्या एककाला मिळाले. तेव्हा तो हयात नव्हता.

विभवांतर हा शब्द मुलांना जड वाटतो, पण त्याच्या पोटात वैभव आहे. विभव म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. त्यापासूनच वैभव झाला. दोन टोकांच्या विभवांत जे अंतर, ते विभवांतर. यातला ‘अंतर’ हा भाग टाकून चालत नाही, कारण एका टोकाचा विभव किती, हा प्रश्न दुसरे टोक सांगितल्याशिवाय पुरा होतच नाही. महावितरणच्या कारभारात मात्र ‘दाब’ चालतो: उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक. वायरमन सरळ व्होल्टेज म्हणतो. बोलायला दाब सोपा आहे, आणि पुन्हा पाण्याच्याच घरचा.

राहिली शक्ती. इथे घोटाळा फार होतो, कारण देवी, सैन्य, औषध, सगळ्यांजवळ शक्ती असते. अश्वशक्ती त्यातल्या त्यात नेमकी, ७४६ वॅट, आणि कृषिपंपांच्या संदर्भात ती अजून रोज बोलली जाते. पण शक्तीचा धातू ‘शक्’. त्यातून शक्य आला आणि आपले रोजचे ‘शकणे’ही: करू शकतो, येऊ शकते. इंग्रजी पॉवरचेही मूळ लॅटिनमधले ‘शकणे’च आहे. उपकरणावरचा वॅटचा आकडा असाच वाचावा: अमुक दाब मिळाला तर दर सेकंदाला ते इतके काम करू शकते. पाणी तापवायच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट छापलेले असते. दाबाचा वर्ग भागिले शक्ती केले की रोध मिळतो, सुमारे ३५ ओहम. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध याच रीतीने येतो ५२९. रॉडमध्ये धारा कमी अडते म्हणून तो अधिक करू शकतो. जास्त वॅट म्हणजे जास्त रोध, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला आधी हे उदाहरण द्यावे.

आता संध्याकाळी सगळ्या गावाचा भार एकदम चढला आणि दाब १८० व्होल्टवर उतरला असे धरू. रॉडची तार तीच, रोध जवळपास तेवढाच. १८० चा वर्ग भागिले ३५ केले तर सव्वानऊशे वॅटच्या आसपास उत्तर येते. रॉडवर छापलेले असते १५०० आणि बादली तापायला दीडपटीहून अधिक वेळ लागतो.