परकोटाच्या आतले आम्ही

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका नव्या वस्तीत भाड्याचं घर बघायला गेलो होतो. घरमालक सज्जन वाटले. पाणी दिलं, भाडं सांगितलं, मग सध्या कुठे राहता ते विचारलं. मी म्हटलं, ‘परकोटाच्या आत.’ ते म्हणाले, ‘अच्छा, संवेदनशील भागात.’ त्यानंतर मी नाव सांगितलं. घर आधीच कुणाला तरी दिलेलं निघालं.

घराचं फार वाईट वाटलं नाही, सवय आहे. तो शब्द मात्र डोक्यात राहिला. जिथं आमच्या चार पिढ्या गेल्या त्या भागाची शहराला एवढीच ओळख उरली आहे का? मग हा परकोट कुणी आणि कशासाठी बांधला, ते पुन्हा वाचून काढलं.

डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा बहुतेक मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. लढाई संपली, पण पेंढाऱ्यांचा त्रास संपला नाही. अमरावती म्हणजे श्रीमंत व्यापाऱ्यांची पेठ. लुटण्यासारखं इथं भरपूर होतं. म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये गावाभोवती दगडी तट बांधायला घेतला. उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणसांनी ये-जा करायचं लहान दार. माता खिडकी, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी ही नावं आजही आमच्या पत्त्यांत आहेत.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भिंत बांधणारं राज्य मुसलमानाचं. तिच्या आड ज्यांच्या पेढ्या सुरक्षित राहायच्या ते व्यापारी बहुतेक हिंदू आणि जैन. आणि ज्यांची भीती होती त्या पेंढाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. म्हणजे ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद तेव्हा धर्माने ठरलेला नव्हता.

आतल्या मोहल्ल्यांची नावंही बाजाराची आहेत. इतवारा आणि बुधवारा ही वारांवरून, सक्करसाथ साखरेच्या बाजारावरून, सराफा सोन्या-चांदीवरून. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून ते साऱ्या पेठेत फिरायचे. तातीचा आवाज आला की बायका जुन्या गाद्या ओट्यावर आणून टाकत. सराफ्यातल्या कितीतरी लग्नांच्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या कापसाच्या होत्या. त्यांच्या घरी उर्दू आणि गिऱ्हाइकाच्या दारात वऱ्हाडी. दोन्ही भाषा त्यांच्याच होत्या.

हे सगळं गोड-गोड होतं असं मी म्हणत नाही. चार खिडक्यांपैकी एकीचं नावच खुनारी खिडकी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं झालेल्या झगड्यात शेकडो माणसं मारली गेली म्हणून हे नाव पडलं, असं गॅझेटियर सांगतं. रक्त तेव्हाही सांडलं होतं. पण नाव त्या एका खिडकीला चिकटलं, साऱ्या गावाला नाही.

मग गाव बदललं कधी? गॅझेटियरमध्येच नोंद आहे की १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने लाखभर बैलांवर लादून कापूस थेट कलकत्त्याला पाठवला. पुढे १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. कापसाला तटबंदी नको होती, स्टेशन हवं होतं. कचेऱ्या आणि बंगले कॅम्पात झाले. ज्यांना जमलं ते हळूहळू भिंतीबाहेर गेले. ज्यांचं पोट गल्लीतल्या धंद्यावर होतं ते आत राहिले.

अकोल्याची कहाणी फार वेगळी नाही. माझी फुफी तिथं जुन्या शहरात राहायची. तिथला असदगड औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा. जुनं शहर मोर्णेच्या पश्चिमेला, ताजनापेठ पूर्वेला, आणि इंग्रजी अमलातल्या कचेऱ्याही पूर्वेलाच झाल्या. त्याच जुन्या शहरात राजराजेश्वराचं मंदिर आहे. श्रावणात पूर्णेचं पाणी घेऊन गांधीग्रामहून कावड येते, ती आम्ही लहानपणी झोप मोडून बघायचो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत जे झालं ते मी झाकणार नाही. १२ तारखेच्या मोर्चात आपल्या पोरांनी दगड मारले, दुकानं फुटली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दुसऱ्या बाजूने तेच केलं. मग संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल झाली, एक जीव गेला. अशा वेळी हातगाडीवाल्याची चूल बंद होते आणि बातम्यांत आमच्या दरवाजांची नावं येतात. खोलापुरी गेट आणि नागपुरी गेट ही आता पोलीस ठाण्यांचीही नावं आहेत. शहर त्यांना तेवढ्यापुरतंच ओळखतं.

दंगलीनंतर आणखी एक गोष्ट होते, जी बातमीत येत नाही. घरं विकली जातात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत हिंदूंची पाच घरं होती, आज एक आहे. तिकडच्या गल्ल्यांतून मुसलमान घरं अशीच इकडे आली. निजामाची भिंत सगळ्यांना मिळून आत घेणारी होती. ही नवी भिंत आपण दोघांनी मिळून उभी केली आहे, आणि तिला खिडकीसुद्धा ठेवलेली नाही.

दोष फक्त घरमालकाचा नाही. आपली शिकलेली, नोकरीला लागलेली मुलंही कॉलनीत राहायला गेली की ‘मी त्या भागातला नाही’ असं सांगतात. त्यांना तरी कसा दोष द्यावा? त्या भागाबद्दल संचारबंदीशिवाय दुसरं काही त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून एक विनंती. रविवारी सकाळी पोरांना घेऊन परकोटाचा फेरा मारा, हिंदू-मुसलमान शेजारी मिळून मारलात तर उत्तम. सव्वादोन मैल म्हणजे तासाभराची चाल. पाच दरवाजे कुठे होते, चार खिडक्या कुठे होत्या, ते दाखवा. खुनारी खिडकी टाळू नका. आणि सराफ्यातून जाताना तिथं पिंजणाचा आवाज यायचा, हेही सांगा.