चष्म्याच्या अकरा चिठ्ठ्या

आमचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मानवतच्या एका अडत दुकानात मुनीम होते. कागद टाकून द्यायचा नाही, ही मुनिमाची सवय त्यांनी घरातही पाळली. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पावत्यांच्या गठ्ठ्यात चष्म्याच्या नंबराच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पहिली १९७४ सालची, शेवटची २०१० ची. चष्मा शहरातल्या साखळी दुकानातून घ्यावा की आपल्या गावातल्या माणसाकडून, असे हल्ली ओळखीतले लोक विचारतात. तो प्रश्न डोक्यात ठेवूनच मी या चिठ्ठ्या इतिहासाची कागदपत्रे वाचावीत तशा वाचल्या. त्यांत मिळालेले उत्तर मात्र मला अपेक्षित नव्हते.

आधी शब्दांविषयी. अण्णांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात झाले, म्हणून ते शेवटपर्यंत 'ऐनक' म्हणत. आजी 'चाळिशी' म्हणे. पोथी सांगणारे गुरुजी 'उपनेत्र' म्हणत. एकाच घराच्या ओसरीवर एका वस्तूची तीन नावे नांदत होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर १९४० च्या दशकात लेख लिहिला. त्यात त्यांनी सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरिता'तला उल्लेख पुढे आणला. विजयनगरचे व्यासराय उपनेत्र लावून ग्रंथ वाचत असल्याचे तिथे वर्णन आहे. काळ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात आल्यानंतरचा. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेली ही वस्तू आपल्याकडे आली, ती वाचणाऱ्या माणसाच्या नाकावर. 'चाळिशी' हा शब्दही तेच सांगतो. वय झाले की जवळचे दिसत नाही, आणि त्यावर भिंग हा उपाय. डोळा तपासायचा असतो ही कल्पना त्या शब्दात नाही.

अण्णांच्या पहिल्या चष्म्याला चिठ्ठीच नव्हती. तो त्यांनी १९७२ च्या दुष्काळात आठवडी बाजारातून घेतला. विक्रेता पोत्यावर चष्मे मांडून बसे. गिऱ्हाईक एकेक चष्मा लावून वर्तमानपत्र वाचून पाही आणि बायका सुई ओवून पाहत. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्यात तथ्य होते. जवळचा नंबर खरोखरच वयाप्रमाणे वाढतो आणि बऱ्याच लोकांचे दोन्ही डोळ्यांचे नंबर जवळपास सारखे असतात. त्यामुळे वह्या लिहिण्यापुरते काम भागे. ज्याचे दोन डोळे वेगळे, त्याचे मात्र डोके दुखत राही.

१९७४ ची चिठ्ठी परभणीच्या एका दुकानाची आहे. इथे इतिहासाने मोठे पाऊल टाकलेले दिसते. डोळ्यांपुढे अडकवायची जड चौकट, काचांची पेटी आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. नेदरलँड्समधल्या स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्याचाच तो वंशज. "हे बरं की ते?" असे विचारत दुकानदार काचा बदली. चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचे वेगळे नंबर आहेत आणि तिरक्या नंबराचा कोनही. हा माणूस ही विद्या आपल्या मामाकडून शिकला होता. काच चाकावर घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

त्याने शाळेत जाऊन शिकायचे तर कुठे? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५८ मध्ये, देशात दृष्टिपरीक्षणाचे शिक्षण देणाऱ्या दोन शाळा निघाल्या. एक अलिगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात, दुसरी हैदराबादच्या सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालयात. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. शाळा निघाली तेव्हा आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. १९५८ मध्येच ब्रिटनने चष्मेवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. कोणी डोळे तपासावेत, त्याची नोंदणी कुठे व्हावी, हे तिथे ठरले. आपल्याकडे दृष्टिपरीक्षकाचा व्यवसाय केंद्रीय कायद्याच्या यादीत आला तो २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याने. मधली त्रेसष्ट वर्षे धंदा आपल्या रीतीने उभा राहिला. ती रीत पहिल्याच चिठ्ठीच्या माथ्यावर छापलेली आहे : 'दृष्टिपरीक्षा मोफत'. तपासणी फुकट आणि कमाई काचेवर. या दोन शब्दांत सगळे अर्थशास्त्र आहे.

१९९० नंतरच्या चिठ्ठ्यांवर यंत्राने छापलेले आकडे चिकटवलेले आहेत. 'कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील' अशा पाट्या तेव्हा गावोगाव लागल्या. यंत्र नंबराचा अंदाज काही क्षणांत देते, हे खरे. पण 'कॉम्प्युटरने पाहिले' म्हणजे सगळे पाहिले, असा समज त्या पाटीने घरोघर पोचवला.

दहावी चिठ्ठी पुण्याची, माझ्या धाकट्या भावाने नेले त्या साखळी दुकानाची. साखळी दुकाने तशी नवी नाहीत. कलकत्त्यात १८७७ मध्ये सुरू झालेल्या लॉरेन्स अँड मेयोच्या शाखा मोठ्या शहरांत होत्याच. पण मध्यमवर्गाच्या रोजच्या बाजारात साखळी आली ती टायटन आयप्लस (२००७) आणि लेन्सकार्ट (२०१०) यांच्यासारख्या नावांनी. त्यांचे श्रेय द्यायला हवे. किंमत लिहिलेली, फ्रेम हाताळून पाहायची मुभा, नोंदी जपलेल्या, आणि पदविका घेतलेल्या तरुण मुलामुलींना नोकऱ्या. आमच्या परभणीच्या माणसाकडे हे नव्हते. त्याच्याकडे होते ते वेगळे. काडी तुटली तर पैसे न घेता बसवून देणे, आणि गिऱ्हाईक हिशेबनीस आहे हे ठाऊक असल्याने वहीच्या अंतराचा नंबर काढणे. पण पुण्याच्या चिठ्ठीच्या माथ्यावरही तोच मजकूर होता : तपासणी मोफत.

आता मूळ गोष्ट. अकराही चिठ्ठ्यांवर नंबर आहे, कोन आहे, काहींवर दोन बाहुल्यांमधले अंतर आहे. डोळ्याचा दाब एकाही चिठ्ठीवर नाही. डोळ्याच्या मागच्या नसेबद्दल एक शब्द नाही. साधारण २००५ पासून अण्णांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागे. आम्ही हसत असू. चिठ्ठीवर मात्र डावा डोळा नवव्या खेपेपर्यंत ६/६ आहे. काचबिंदू असाच येतो. समोरची अक्षरे शाबूत ठेवून तो कडेने दृष्टी कुरतडतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. तक्ता वाचणारा माणूस तक्त्यापुरता पास होतो. अकरापैकी दहा चिठ्ठ्या गावातल्या दुकानांच्या आणि एक साखळीची. चूक दोन्हीकडे एकच झाली, कारण दोन्हीकडे विकायची वस्तू एकच होती.

सरकारचे लक्षही दुसरीकडे होते. १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्रातही, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर भर दिला गेला. लाखो लोकांना त्याने दृष्टी दिली. पण मोतीबिंदू सरकारने घेतला, नंबर बाजाराने घेतला, आणि काचबिंदू मधल्या फटीत राहिला. २०११ मध्ये तालुक्याच्या एका शिबिरात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याने अण्णांच्या डोळ्याचा दाब मोजला. काही मिनिटांचे काम. त्याने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून जालन्याला पाठवले. डावा डोळा गेला होता. उजवा मात्र रोजच्या थेंबांवर शेवटपर्यंत टिकला. त्या अधिकाऱ्याला काही विकायचे नव्हते, हे मला फार उशिरा सुचले.

म्हणून 'साखळी की गावातला' हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. दुकानाची पाटी पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : तपासणारा काय शिकला आहे? नंबरापलीकडे तो काय पाहतो? आणि शंका आली तर कोणाकडे पाठवतो? उत्तरे नीट मिळाली तर काच कुठूनही घ्यावी. चाळिशीनंतर मात्र तपासणीचे पैसे वेगळे मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि नस पाहून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, कारण अशा घरातल्या माणसांना धोका अधिक असतो.

मी वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जातो आणि ती चिठ्ठी घेऊन परभणीच्याच दुकानात. आता तिथे त्या दुकानदाराचा पदवीधर मुलगा बसतो. माझी मुलगी नांदेडच्या साखळी दुकानातून चष्मा घेते, पण चिठ्ठी डॉक्टरांचीच नेते. अण्णांच्या गठ्ठ्यात मी बारावी चिठ्ठी ठेवली आहे, ती माझी. तिच्यावर नंबराखाली दोन आकडे जास्त आहेत : दाब, उजवा १६, डावा १७.