मांडीच्या हाडाचा हिशोब

फराळाच्या ताटाशेजारी हाडांचा विषय काढणे काही शिष्टाचाराला धरून नव्हे; परंतु ही हकीकत घरी न परतलेल्या मुलांची आहे, तेव्हा घरच्या मंडळींनीच ती ऐकावी.

मनुष्यदेहातील सर्वांत लांब हाड मांडीचे. उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून ते थोडे अधिक भरते. देहाची माती झाली तरी हे दणकट हाड पुष्कळदा मागे उरते. त्यावरून धन्याची उंची काढता येईल काय? १८८८ साली फ्रान्समध्ये रोले याने पन्नास पुरुष व पन्नास स्त्रिया अशी शंभर प्रेते मोजली. अकरा वर्षांनी लंडनच्या कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने त्याच आकड्यांवरून सूत्र बांधले: पुरुषाच्या हाडाचे सेंटिमीटर १.८८ ने गुणावे आणि त्यात ८१.३ मिळवावेत. ४५ सेंटिमीटरांचे हाड सापडले, तर माणूस सुमारे १६६ सेंटिमीटरांचा.

पण मोजमाप होते प्रेतांचे. प्रेताची लांबी उभ्या माणसाहून किंचित जास्त भरते. तेवढी वजाबाकी अंदाजानेच करावी लागे.

हा अंदाज टळला तो युद्धामुळे. १९४८ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शरीररचना शिकविणाऱ्या मिल्ड्रेड ट्रॉटर बाई हवाई बेटांवरील अमेरिकन सेनेच्या प्रयोगशाळेत गेल्या. पॅसिफिकच्या रणांगणावरचे सांगाडे तेथे ओळख पटविण्यासाठी येत. ज्यांची ओळख पटली, त्यांची भरतीच्या वेळची, जिवंतपणीची उंची दप्तरात नोंदलेली होती! बाईंनी हाड फळीवर आडवे ठेवावे, एक टोक उभ्या भिंतीला टेकवावे, दुसऱ्या टोकाला सरकती पट्टी लावावी आणि हाड जरा हलवून सर्वांत मोठा आकडा टिपावा. खालचे दोन्ही उंचवटे भिंतीला टेकवले, तर आकडा थोडा कमी येतो. म्हणून कोणत्या रीतीने मोजले हे सांगणे आकड्याइतकेच महत्त्वाचे.

संख्याशास्त्रज्ञ गोल्डीन ग्लेसर यांच्यासह त्यांनी १९५२ साली नवी सूत्रे प्रसिद्ध केली. गोऱ्या पुरुषांसाठी २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवायचे. आपले ४५ सेंटिमीटरांचे हाड आता १६८.५ सांगते, तेही तीन-साडेतीन सेंटिमीटरांची चूकभूल धरून. एका समाजाचे सूत्र दुसऱ्यास लावणे धोक्याचे, म्हणून त्यांनी निग्रोंसाठी वेगळी सूत्रे दिली, आपल्याकडे एन. पॅन यांनी हिंदू लोकांच्या हाडांचे प्रमाण १९२४ सालीच मांडले होते.

गंमत अशी, की एवढ्या काटेकोर बाईंच्या हातूनही एक घोळ झाला. नडगीचे हाड मोजताना घोट्याकडचा उंचवटा धरल्याचे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात तो वगळला होता. सेंटिमीटरभराचा हा फरक १९९४ साली जान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. मांडीच्या हाडाचे सूत्र मात्र शाबूत राहिले.

ट्रॉटर बाई १९९१ साली वारल्या. आपला देह त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेला देऊन ठेवला होता.