सॉफ्टवेअर-संरचनेचे दस्तऐवजीकरण : टिफ्रॅक ते वेब-साधने

प्रस्तावना

सॉफ्टवेअर बंद पडल्यावर त्याचे घटक कोणते होते, ते परस्परांशी कसे जोडलेले होते आणि तीच रचना का निवडली गेली, हे मुख्यतः लेखी नोंदींवरूनच कळते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात या नोंदींच्या बदलत्या साधनांचा आढावा घेतला आहे.

टिफ्रॅकचा काळ

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला प्रायोगिक संगणक १९५६ मध्ये, तर पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट होती. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतील आज्ञावली त्यावर जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. अशा स्थित्यंतरात यंत्रभाषेतील संकेत निरुपयोगी ठरतात; उपयोगी पडते ती आज्ञावलीमागील विचाराची नोंद.

वेब-साधनांचा उदय

वेबचा जन्मच दस्तऐवजीकरणाच्या गरजेतून झाला, ही बाब येथे लक्षणीय आहे. सर्न या प्रयोगशाळेत माणसे वारंवार बदलत आणि त्यांच्याबरोबर माहितीही नाहीशी होई. त्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी विकी सुरू केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. २००५ मध्ये आलेल्या ‘गिट’मुळे प्रत्येक बदलाची दिनांकित नोंद ठेवणे सुलभ झाले. तथापि काय बदलले हे त्यातून दिसले, तरी का बदलले हे आपोआप दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये संक्षिप्त ‘निर्णयनोंद’ सुचविली. तीत मुख्यतः परिस्थिती, घेतलेला निर्णय आणि त्याचे परिणाम लिहावयाचे असतात.

निष्कर्ष

मुंबईच्या महाविद्यालयांत संगणक शाखेचे विद्यार्थी प्रकल्प-अहवालाचे ‘ब्लॅक बुक’ बांधून सादर करतात. त्यातील संरचना सादरीकरणाच्या दिवशी गोठते. प्रणाली मात्र पुढे बदलत राहते. उलट, वेबवरील पान अद्ययावत राहते, परंतु जुना मजकूर पुसला गेल्यास इतिहासही पुसला जातो. म्हणून वेब-साधनांवर दिनांकित निर्णयनोंदी ठेवण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावणे इष्ट ठरते. उद्याच्या अभियंत्याला दुरुस्तीसाठी जे लागेल, तेच उद्याच्या इतिहासकाराचे प्राथमिक साधन असेल.