शाहूचरित्रकार अण्णासाहेब लठ्ठे

अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचा जन्म 1878 साली कुरुंदवाड येथे जैन कुटुंबात झाला. एम.ए., एलएल.बी. होऊन ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारपदावर गेले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कामातही ते अग्रभागी होते. जैन धर्माची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक याच सुरुवातीच्या काळातले.

लठ्ठ्यांच्या उमेदीच्या काळात शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात मोठी उलथापालथ चालू होती. वेदोक्त विधींच्या अधिकारावरून पेटलेले वेदोक्त प्रकरण, 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आणि एकामागून एक निघालेली वसतिगृहे हे सारे त्याच काळातले. पश्चिमेकडे भोगावतीवर धरणाचे काम सुरू झाले आणि महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्या नावाने राधानगरी वसली. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. पैशाअभावी रखडलेले हे धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले.

लठ्ठ्यांच्या आयुष्यातला सर्वांत चमत्कारिक अध्याय कोल्हापुरातील जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाशी, म्हणजे जैन बोर्डिंगशी, जोडलेला आहे. ते बोर्डिंगचे अधीक्षक असताना पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील तेथे विद्यार्थी होते. भाऊराव अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. याबद्दल त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे 1914 च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. भाऊरावांनी तुरुंगवास सोसला, पण साक्ष दिली नाही. ज्याला शिस्तीच्या नावाखाली घालवले, त्यानेच अब्रू राखली. लठ्ठ्यांना मात्र कोल्हापूर सोडावे लागले. ते बेळगावात वकिली करू लागले आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, 1924 मध्ये, लठ्ठ्यांचे इंग्रजी शाहूचरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. दरबाराशी एके काळी बिनसलेल्या माणसाने लिहूनही त्यात सुडाचा सूर नाही. उलट ते कधी कधी फारच आदराने झुकते. महाराजांच्या पश्चात इतक्या लवकर लिहिलेल्या चरित्राकडून तटस्थतेची अपेक्षा कशी करावी? त्याचे खरे मोल आहे ते त्यात जपलेल्या पत्रव्यवहारात. शाहूकाळावर लिहिणाऱ्या पुढच्या अभ्यासकांना हा ग्रंथ टाळता आलेला नाही.

चरित्र प्रसिद्ध झाल्यावर शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले. जिथून संशयित म्हणून बाहेर पडले, तिथेच ते कारभाराच्या शिखरावर परतले. 1937 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात त्यांनी मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रिपद सांभाळले. दारूबंदीमुळे अबकारीचे उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरून काढायला शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवण्यात आला, आणि मुंबईच्या घरमालकांचा रोष ओढवला. युद्धाच्या प्रश्नावर 1939 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

1950 साली लठ्ठे वारले. सांगलीतील एक शिक्षणसंस्था आज त्यांच्या नावाने चालते.