प्रोजेक्ट रिपोर्टचा वाचक कोण?

समोर फायनल इयरची बरीच मुलं दिसतायत, म्हणून तुमच्या डोक्यावरच्या टांगत्या तलवारीपासूनच सुरुवात करू. प्रोजेक्ट रिपोर्ट! काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट आणि गाईडची सही. हा रिपोर्ट लिहायची रीत कुठून आली आणि तो कोणी वाचायचा असतो, हे आज थोडं इतिहासातून पाहू.

पुण्यात १८५४ साली इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला. पुढे त्याचंच सीओईपी झालं. सरकारी बांधकाम खात्याला इमारती, धरणं, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर हाताखालचे अधिकारी हवे होते, ते तिथे तयार व्हायचे. अशा कामावरच्या माणसाने लिहिलेला अहवाल वरचा अधिकारी वाचणार, त्यावरून मंजुरी आणि पैसा ठरणार. मोजमाप चुकलं तर ते पुढे बांधकामात दिसणार. म्हणजे अहवालाला खराखुरा वाचक होता, आणि चुकीला किंमत होती.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे शिक्षण बऱ्याच उशिरा आलं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं, आणि त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठही. १९९६ मध्ये यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. कापसाच्या जिल्ह्यात टेक्स्टाइल इंजिनीअरिंग शिकता येऊ लागलं. शेतकऱ्याची पोरं घराजवळ राहून इंजिनीअर होऊ लागली. ही काही लहान गोष्ट नाही.

पण रिपोर्टचा वाचक मात्र हरवला. व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नल चार पानं चाळतात, सही होते आणि रिपोर्ट कपाटात जातो. पुढच्या बॅचला तो मिळालाच, तर नाव आणि वर्ष बदलून पुन्हा बायंडिंगला जातो! युजीसीने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले, त्यातूनही प्रोजेक्ट रिपोर्ट वगळलेले आहेत. म्हणजे राखणदार कोणी नाही. जे काही आहे ते आपल्यावरच.

यात एवढं काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. मग २०१७ चा पावसाळा आठवा. पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन एकट्या आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक माणसं गेली. औषध कोणतं होतं, हा प्रश्न आहेच. पण पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की फवारा कुठे जातो? पंपाचा दाब वाढवला की थेंब किती बारीक होतात, आणि वाऱ्याने किती अंगावर येतात? हे प्रश्न इंजिनीअरिंगचे आहेत. फवारणी पंप हा तर आपल्याकडच्या मेकॅनिकलच्या मुलांचा आवडता प्रोजेक्ट.

अशा रिपोर्टमध्ये "आमचा पंप कार्यक्षम व सुरक्षित आहे" एवढं एक वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. नोझल कोणतं, दाब किती, वारा किती, पिकाची उंची किती, चाचण्या किती घेतल्या, ते लिहा. साध्या पाण्याने चाचणी घेतली असेल तर तसं लिहा. ते औषध नव्हतं, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि जे फसलं तेही लिहा. गळती कुठे झाली, बॅटरी किती वेळात उतरली. मुलं हेच पान काढून टाकतात, मार्क जातील म्हणून. पुढच्या बॅचला मात्र तेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, नाहीतर तीही तिथेच ठेचकाळते.

तेव्हा लिहायला बसाल तेव्हा दोन माणसं समोर धरा: पुढच्या वर्षी हाच विषय घेणारा मुलगा किंवा मुलगी, आणि तो पंप पाठीवर घेणारा माणूस. एक्स्टर्नल सरांचं त्यात आपोआप भागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.