सावतोबांच्या मळ्यातली मिरची

उन्हाळी परसबागेची जुळवाजुळव आमच्या भागात महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होते. मुळा संपलेला असतो, लसणाची पात पिवळी पडू लागते, कोथिंबीर फुलावर येऊन धण्याकडे निघते. मोकळ्या झालेल्या वाफ्यांत भेंडी आणि गवार टोकायची, मांडवाखाली आळी करून दोडका, काकडी, कारले लावायचे आणि तरवा तयार असेल तर मिरचीची रोपे. गेली कित्येक वर्षे मी हे करतो आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे एका अभंगाने मला छळले आहे.

अभंग सर्वांच्या ओठावर आहे. अरणच्या सावता माळ्यांनी भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, तो हा अभंग. त्यात कांदा आहे, मुळा आहे, लसूण आणि कोथिंबीर आहे, पाण्यासाठी मोट आणि विहीर आहे. आणि लसूण-कोथिंबिरीच्या मध्ये मिरची आहे. घोटाळा इथेच आहे. सावतोबांनी देह ठेवला शके 1217 मध्ये, म्हणजे इ.स. 1295 साली. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्याआधी हिंदुस्थानात मिरचीचे झाड कुणी पाहिलेले असणे शक्य नाही. मध्ये निदान दोनशे वर्षांची दरी आहे.

यावर पहिले उत्तर हमखास येते ते असे, की अभंगातली मिरची म्हणजे मिरे. शब्दाच्या बाजूने त्याला आधार आहे. संस्कृतात काळ्या मिऱ्याला मरीच म्हणतात आणि आपली मिरची त्याच घराण्यातली. नव्या तिखटाला जुन्या तिखटाचे नाव देण्याची खोड सार्वत्रिक आहे. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरे, तर मिळगाय म्हणजे मिरची, शब्दशः ‘मिऱ्याची शेंग’. कानडीत मेणसु आणि मेणसिनकायी हीच जोडी. हिंदीने तर ‘काली’ आणि ‘हरी’ एवढ्या विशेषणांवर भागवले. खुद्द स्पॅनिश लोकांनीही मिऱ्याच्या ‘पिमिएंता’वरून मिरचीला ‘पिमिएंतो’ केले. तेव्हा शब्द आधीपासून होता आणि अर्थ मागाहून बदलला, असे म्हणायला जागा आहे.

पण परसबाग करणाऱ्याला हे उत्तर पटत नाही. मिऱ्याचा वेल मलबारचा आणि सह्याद्रीच्या दमट उतारांचा. त्याला सावली लागते, हवेत ओल लागते, भरपूर पाऊस लागतो. अरण माढा तालुक्यात, सोलापूरच्या पर्जन्यछायेत. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. माळी आपल्या वाफ्यात उभा राहून जी नावे घेतो, त्यांत मिरे कुठून येणार? ते बाजारातून पुडीत बांधून येत असेल, मळ्यात उगवत नव्हते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त पाककृतींची रेलचेल आहे. तिथे तिखटपणा येतो तो मिरे आणि आले यांच्याकडून, पण ते राजाचे स्वयंपाकघर होते.

आणखी एक गोष्ट वाफ्याशी बसल्यावरच ध्यानात येते. अभंगातली मिरची सोडता बाकीची यादी थंडीची आहे. मुळा हिवाळ्याचा, लसूण दिवाळीच्या सुमारास लावायचा, कांदा रब्बीचा, कोथिंबीर बारमाही म्हटली तरी उन्हात टिकत नाही. मिरची तेवढी वेगळी. पाणी दिले तर ती वैशाखही काढते. कडक उन्हात फुले गळतात, चुरडामुरडा येतो, म्हणून मी वाफ्याच्या पश्चिमेला मक्याची दाट ओळ लावतो. (मकाही अमेरिकेचाच. पाहुण्याला सावली पाहुण्याचीच.) तरी झाड मरत नाही, वळवाचा पाऊस पडला की पुन्हा फुलते. एवढे चिवट पीक विहीर आणि मोट असलेल्या प्रत्येक मळ्यात किती लवकर रुजले असेल, याची कल्पना यावरून येते. शिवाय ही वनस्पती माणसांवर फारशी अवलंबून नव्हती. पक्ष्यांना तिखट लागत नाही. ते पिकलेल्या मिरच्या खातात आणि बी कुंपणापलीकडे टाकतात.

कर्नाटकात पुरंदरदासांच्या एका पदात मिरची येते, याकडे अन्नेतिहासकार के. टी. अच्चया यांनी लक्ष वेधले आहे. पुरंदरदास 1564 साली गेले. म्हणजे पोर्तुगीज आल्यावर साठ-सत्तर वर्षांच्या आत मिरची भक्तिगीतात पोचली. कानडी मुलुखात हे घडले तर शेजारच्या पंढरपुराच्या वाटेवर का घडू नये?

माझे मत असे आहे. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी टिपून ठेवले असे परंपरा सांगते, पण आपल्या हाती येईपर्यंत ते कीर्तनकारांच्या बाडांतून आणि त्याहून अधिक त्यांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या फिरले. गाणाऱ्यासमोर बसलेले श्रोते माळी-कुणबी होते. त्यांच्या वाफ्यात सोळाव्या-सतराव्या शतकापासून मिरची होती. ती गाण्यात शिरली. त्या ओळीत आधी दुसरे काही होते की ती ओळच नवी, हे छापील गाथा पाहून ठरणार नाही. त्या फार अलीकडच्या.

हे बोललो की काही मंडळी दुखावतात. एका वृद्ध कीर्तनकारांनी मला स्पष्टच विचारले, ‘‘म्हणजे हा अभंग महाराजांचा नाही, असंच ना?’’ मी म्हटले, ‘‘बुवा, एका शब्दावरून सगळा अभंग खोटा ठरत नाही. पण त्या शब्दावरून सावतोबांच्या काळात मिरची होती असं पुस्तकात छापतात, ते खोटं ठरतं.’’ ते हसले नाहीत, पण आपल्या आजोबांचे बाड दाखवायचे त्यांनी कबूल केले.

शोध आता छापखान्याच्या आधीच्या अशाच बाडांचा आहे. घरोघरच्या फडताळात, मठांत, देवघराच्या कोनाड्यात ती पडून आहेत. कुणाकडे सावतोबांचे अभंग हस्तलिखितात असतील, तर लसणाच्या पुढचा शब्द तेवढा पाहावा, आणि बाडावर शक असेल तर तोही उतरवून घ्यावा.